तिसऱ्या मैलावर उचललेला पाय

सॅन बर्नार्डिनोत घरोघर दूध पोचवणारा वेंडल क्राउस त्या ऑगस्टमध्ये मिठाच्या मैदानावर गाडीनं ताशी दोनशे मैलांच्या वर जाणार, हे आम्ही सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. त्यानं स्वतःही धरलं होतं. आदल्या वर्षी तो थोडक्यात राहिला होता, आणि या वर्षी आर्व्हो लाहटीनं त्याच्यासाठी इंजिन नव्यानं बांधलं होतं.

युद्ध संपल्यानंतरची ती वर्षं. लढाऊ विमानांच्या पोटाखाली टांगायच्या इंधनाच्या टाक्या भंगारात ढिगानं पडलेल्या असत. अशी एक टाकी उचलायची, तिला चार चाकं लावायची, मागच्या अंगाला जुन्या मोटारीचं इंजिन बसवायचं आणि पुढच्या टोकात माणूस कोंबायचा, की झाली गाडी. सुरुवातीला आम्ही कॅलिफोर्नियातल्याच सुक्या तळ्यांवर पळायचो. तिथली जमीन फुटायला लागली, धुळीत पुढचं दिसेना, वेग वाढले तशी थांबायला जागा पुरेना, तेव्हा सगळे मिळून युटातल्या मिठाच्या सपाट मैदानावर जायला लागलो. आमच्या आधी तिथे मोठ्या नावाच्या लोकांनी विमानाची इंजिनं लावलेली धूडं पळवली होती. आम्ही मेकॅनिक, न्हावी, दूधवाले. पण मीठ तेच, आणि त्यावर तेलानं ओढलेली काळी रेघही तशीच. त्या रेघेवर नजर ठेवायची आणि पाय दाबायचा. दोनशेच्या पलीकडे गेलेली माणसं तेव्हा थोडीच होती. ती जेवायला आली की लोक बाकावर सरकून त्यांना जागा करून देत.

आर्व्होचं गॅरेज आमच्याच गल्लीत. आडव्या अंगाचा, मोजकं बोलणारा माणूस. गिऱ्हाइकानं गाडी भिंतीवर नेऊन आदळली तरी हा आधी ब्रेक तपासणार आणि म्हणणार, माझंच काही राहिलं असेल. त्याची बायको व्हर्डा लहानपणापासून बापाच्या गॅरेजात वाढलेली. वेंडल एकटा राहायचा, त्यामुळे रविवारचं जेवण त्यांच्याकडेच. व्हर्डा त्याला ‘दूधवाल्या’ म्हणायची आणि ताटात सगळ्यात मोठा तुकडा वाढायची.

त्या शुक्रवारी सकाळी हवा अगदी पडलेली होती. समोरचे डोंगर मृगजळात मिठावर तरंगत होते. आर्व्होनं ट्रकनं मागून ढकलत गाडीला वेग दिला, इंजिन पेटलं, आणि वेंडल काळ्या रेघेवरून निघाला. पहिला मैल गेला, दुसरा गेला. गाडी कधी नव्हे इतकी सरळ चालली होती. तिसरा मैल संपत आला, जिथून वेग मोजायला सुरुवात होते, तिथे त्याला रेघेच्या डाव्या हाताला मीठ काळपट दिसलं. ओल असेल, नाहीतर नुसतं ऊन असेल. मागची बाजू किंचित हलली. एरवी हलते तितकीच.

पण वेंडलला आमच्यातलाच रॉस्को आठवला. आदल्या वर्षी रॉस्कोचं इंजिन भर वेगात जाम झालं होतं, मागची चाकं एकदम धरली गेली आणि गाडी कोलांट्या खात गेली. तिच्यापाशी सगळ्यात आधी पोचला होता तो वेंडल. त्यानं जे पाहिलं ते कुणाला सांगितलं नव्हतं. वर्षभर ते आठवलंही नव्हतं, आणि आता नेमकं इथे आठवलं.

पाय वर आला. तो उचलायचा असं त्यानं ठरवलं नव्हतं. पुन्हा दाबायचा असं मात्र त्यानं ठरवलं, आणि पाय खाली गेला नाही.

गाडी थांबली तिथे व्हर्डा उसनी आणलेली पिकअप घेऊन उभीच होती. पाठोपाठ आर्व्हो ट्रक उडवत आला आणि तो पुरता बंद व्हायच्या आधी पळत येऊन वाकला.

“काय झालं? लागलं नाही ना?”

वेंडलनं चष्मा वर केला. “इंजिन खोकलं,” तो म्हणाला. “वर गेलं आणि दमच सुटला त्याचा.”

“कुठे?”

“तिसऱ्या मैलाच्या शेवटी.”

“बरं केलंस सोडलंस ते,” आर्व्हो म्हणाला आणि त्यानं वेंडलच्या हेल्मेटवर हळूच थाप मारली.

व्हर्डा वेंडलकडे बघत होती, आणि तो पट्टे सोडवण्यात गुंतल्यासारखं करत होता.

तेवढ्यावर भागेल असं वेंडलला वाटलं होतं. इंजिन खोकलं, आर्व्हो चार स्क्रू पिळेल, आपण पुन्हा पळू, या वेळी पाय दाबून ठेवू, आणि मधलं सगळं पुसून जाईल. पण आर्व्होनं दुपारी मिठाजवळच्या वेन्डोव्हर गावी येऊन इंजिन उघडलं ते पार तळापर्यंत. मोटेलच्या अंगणात ताडपत्री पसरली आणि एकेक भाग पुसून त्यावर मांडला. सापडलं काहीच नाही. दुसऱ्याला यात समाधान वाटलं असतं. आर्व्हो मात्र घाबरला.

“काही दिसत नाहीये, म्हणजे स्प्रिंगा असणार,” तो म्हणाला. “वाल्व्हच्या. या वेळी मी नव्या घातल्यात ना, त्या वरच्या वेगाला पुरत नसतील. थंड झाल्यावर बघायला गेलं की काही कळत नाही. आणि एखादा वाल्व्ह तिथे वर तुटला तर…” त्यानं पुढचं बोलणं तोडलं. रॉस्कोचं नाव आम्ही कुणी तोंडावर आणत नसू. “तू पाय काढलास म्हणून वाचलास, वेंडल.”

वेंडल हातात चिंधी घेऊन उभा होता. तेव्हाच बोलायला हवं होतं. तो म्हणाला, “तहान लागलीये मला,” आणि पाण्याच्या डब्याकडे गेला.

परत येतो तर आर्व्हो अंगणात नव्हता. तो क्लेल बजकडे गेला होता. क्लेल ऑग्डनचा न्हावी. त्याच्या गाडीतलं इंजिनही आर्व्होच्याच हातचं, आणि स्प्रिंगा त्याच पेटीतल्या. क्लेल हलक्या गाड्यांच्या वर्गात पळायचा. त्या सकाळीच त्यानं त्याच्या वर्गातल्या विक्रमाच्या वरचा वेग काढला होता. विक्रम लागायचा तर दुसऱ्या दिवशी उलट दिशेनं आणखी एकदा पळावं लागतं. बस, तेवढंच राहिलं होतं. आर्व्होनं त्याला सांगितलं, “मला कारण कळेपर्यंत तू गाडीत बसू नकोस. माझ्या हातून माणूस मरायला नको.”

क्लेलनं ऐकलं. नुसतं ऐकलं नाही, संध्याकाळी कॅफेत सगळ्यांसमोर वेंडलचा हात दोन्ही हातांत धरला.

“लेका, तुझे उपकार आहेत माझ्यावर. दुसरा कुणी असता तर तसाच दाबत गेला असता, आणि उद्या मी गेलो असतो शवपेटीतनं. घरी फोन केला मी आत्ता. बायको रडायलाच लागली.”

“पायाला कळतं बघा याच्या,” बाकावरचा एक जण म्हणाला. “दूध न सांडता गाडी हाकायची सवय!”

सगळे हसले. कुणीतरी सरकून वेंडलला जागा करून दिली, त्या दोनशेच्या माणसांना देतात तशी. तो बसला. समोर आलेल्या बीन्सच्या ताटलीत त्यानं चमचा फिरवला, आणि पोट बरं नाही म्हणून बाहेर पडला. कान तापले होते. रस्त्याच्या कडेला कॅसिनोच्या पाटीवरचा निऑनचा उंच काउबॉय हात हलवत होता. वेंडलला त्याच्याकडेसुद्धा वर मान करून बघवेना.

रात्रीत इंजिन पुन्हा जोडून सकाळी आर्व्होनं जाहीर केलं की गाडीत तो स्वतः बसणार.

“बाहेर उभं राहून मला काही कळत नाही. इंजिन माझ्या मानेमागे असलं म्हणजे कळेल ते काय म्हणतंय.”

“तू?” वेंडल म्हणाला. “अरे, तू कधी शंभराच्या वर गेला नाहीस.”

“मग आज जाईन. तुला पुन्हा बसवायला माझं मन होत नाही.”

तो पेट्रोल आणायला गेला तशी व्हर्डा पिकअपमधून उतरली. तिच्या हातात सँडविचची पिशवी होती, ती तिनं बॉनेटवर ठेवली.

“इंजिन खोकलं नव्हतं,” ती म्हणाली.

वेंडल टायरची हवा बघायला वाकला.

“मी शेवटाला उभी होते. खोकणारं इंजिन मी जन्मभर ऐकलंय. हे एकसारखं चढत होतं, आणि मग कुणी दार अलगद लोटावं तसं खाली आलं. तू पाय काढलास.”

“आर्व्होला सांगितलंस?”

“काल सांगितलं. तो म्हणाला, तुला लांबून नीट ऐकू आलं नसेल. म्हणाला, वेंडल माझ्याशी खोटं कशाला बोलेल?” तिनं बॉनेटवरची पिशवी बाजूला सरकवली. “बायकोपेक्षा तुझ्यावर विश्वास ठेवला त्यानं. भीती वाटली तर वाटली, रॉस्कोला तू बाहेर काढलंयस, तुला कुणी हसलं नसतं रे. पण आता तो आत बसतोय. तुझ्यामुळे. त्याचं पोट तरी मावतंय का त्या टाकीत? तो मिठावर कधी चालवायला बसला नाही, वेंडल.”

“सांगतो,” वेंडल म्हणाला.

“आत्ता सांग.”

“सांगतो म्हटलं ना.”

ती पिकअप घेऊन शेवटाला निघून गेली. गाडी ओढून आणायला तिला तिथेच थांबावं लागायचं. वेंडलनं आर्व्हो परत आल्यावर सांगायचं ठरवलं. आर्व्हो परत आला तो दोन माणसांना घेऊन. मग रांगेत लागल्यावर सांगायचं ठरवलं. रांगेत क्लेल येऊन उभा राहिला. नैर्ऋत्येला नेवाडाच्या बाजूनं ढग दिसायला लागले होते आणि जो तो घाई करत होता. आर्व्होला गाडीत उतरवायला तिघे लागले.

“लोणी लावू का रे बाजूंनी?” कुणीतरी ओरडलं.

“बाहेर काढताना टाकी कापावी लागणार!”

आर्व्होही हसला. मग त्यानं कानात कापूस घातला, हेल्मेट चढवलं, पट्टे आवळायला घेतले. त्याची बोटं वेंडलनं पाहिली. इंजिनातली प्रत्येक गोष्ट डोळे मिटून लावणारी ती बोटं, आणि त्यांना बक्कल सापडत नव्हतं.

गाड्या सोडणाऱ्या माणसाचं नाव हॉब. त्यानं वेंडलला ट्रकमध्ये बसायची खूण केली. वेंडलनं गाडीला ढकलायचं होतं. तो ट्रकमध्ये चढला, गिअर टाकला, ट्रकचं नाक आर्व्होच्या गाडीला टेकवलं. हॉबनं हात वर केला. वेंडलनं इंजिन बंद केलं आणि खाली उतरला.

“काय झालं?” हॉब वैतागला. “पाऊस येतोय, वेंडल!”

“इंजिनात काही दोष नाही,” वेंडल म्हणाला. हॉबला ते ऐकू गेलं नाही. त्यानं पुन्हा मोठ्यानं सांगितलं, “इंजिन खोकलं नव्हतं. मी पाय काढला. मी घाबरलो होतो.”

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. क्लेल अगदी शेजारी होता. ज्याला सांगायचं त्या आर्व्होला मात्र काही ऐकू आलं नव्हतं. तो समोर बघत ढकलण्याची वाट पाहत होता. वेंडल पुढे जाऊन त्याच्याजवळ वाकला.

“आर्व्हो, मी खोटं बोललो.”

“काय?”

“खोटं बोललो मी! इंजिनाबद्दल!”

“ऐकू येत नाही! ढकल ना!”

शेवटी हॉबनं वाकून आर्व्होच्या हेल्मेटची पट्टी सोडली, कानातला कापूस ओढून काढला आणि सांगितलं, “तो म्हणतोय तुझं इंजिन ठीक होतं. यानंच पाय काढला, भीती वाटली म्हणून.” दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते वाक्य केवढं छोटं वाटलं. ते लपवायला एवढं सगळं केलं होतं.

आर्व्होनं वेंडलकडे पाहिलं. “म्हणजे स्प्रिंगा बरोबर आहेत?”

“हो.”

“काहीच नव्हतं झालेलं?”

“काही नाही.”

आर्व्होच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली. अगदी लहान मुलासारखी, उघडी. मग ती हळूहळू मावळली. त्यानं क्लेलकडे पाहिलं, ढगांकडे पाहिलं.

“क्लेल, पळ,” तो म्हणाला. “तुझी गाडी आण. जा, जा लवकर!”

क्लेल धावत सुटला. त्याला गाडी आणायला, तपासून घ्यायला वेळ लागणारच होता. इकडे आर्व्होला पुन्हा तिघांनी ओढून बाहेर काढलं. या वेळी कुणी थट्टा केली नाही. तो मिठावर उभा राहिला, हेल्मेट काखेत घेऊन, आणि वेंडलला म्हणाला, “आता बसतोस?”

टोमणा नव्हता तो. आर्व्हो खरंच विचारत होता. रांगेतली सगळी माणसं वेंडलच्या उत्तराची वाट बघत होती. ‘हो’ म्हटलं असतं तर कदाचित निम्मी लाज धुऊन निघाली असती.

“नाही,” वेंडल म्हणाला. “मला नाही जमणार.”

आर्व्होनं मान हलवली आणि गाडी रांगेतून बाजूला ढकलायला लागला. वेंडल हात लावायला गेला. “राहू दे,” आर्व्हो म्हणाला. “माझं मी बघतो.”

क्लेल गाडी घेऊन रांगेच्या तोंडाशी पोचला तेव्हा पहिले थेंब पडले. मिठावर पाऊस आला की संपलंच. ते पाणी पिऊन पुन्हा कडक व्हायला दिवस जातात. हॉबनं झेंडा गुंडाळला. क्लेल तरीही गाडीत बसून राहिला, हेल्मेट घालून, पाणी अंगावर घेत. कुणीतरी जाऊन त्याच्या खांद्याला हात लावला तेव्हा उतरला. वेंडलपाशी येऊन काहीतरी बोलेल, शिवी देईल, असं वाटत होतं. तो त्याच्या बाजूनं निघून गेला.

वेन्डोव्हरहून घरी यायचं म्हणजे सबंध नेवाडा ओलांडायचा. ट्रकला बाक एकच. आर्व्हो चालवायला, मध्ये व्हर्डा, खिडकीशी वेंडल. बसनं जातो म्हणून तो पिशवी घेऊन निघाला होता, आर्व्हो म्हणाला, “आलास आमच्याबरोबर, जाशील आमच्याबरोबर.” यात माया होती की शिक्षा, ते वेंडलला सबंध रस्ताभर कळलं नाही. वाटेत ईली गावाला थांबले तेव्हा आर्व्होनं तिघांची कॉफी मागवली आणि वेंडलच्या कपात, त्याला लागते तशी, जास्तीची साखर घातली. वेंडलला तो कप उचलवेना.

पुढे एकदाच, वाळवंटात, आर्व्हो रस्त्यावर डोळे ठेवून म्हणाला, “रॉस्कोचं तू मला सांगायला हवं होतंस.”

“काय सांगणार होतो?”

“जे पाहिलंस ते. एवढ्या रविवारी जेवायला येत होतास.”

व्हर्डानं समोरच्या काचेतून बघत नाक पुसलं. घरापाशी उतरल्यावर तो “येतो” म्हणाला, आणि बरेच महिने त्यांच्याकडे गेला नाही.

पुढच्या वर्षी आर्व्होनं पसाडिनाच्या एका पोराला गाडीत बसवलं. त्याच इंजिनावर, त्याच स्प्रिंगांवर, तो दोनशेच्या वर गेला. वेंडलला हे दूध घेणाऱ्या एका बाईनं दारात बाटल्या घेताना सांगितलं. “तुम्हीच ना पूर्वी ती गाडी चालवायचा?” वेंडल हो म्हणाला. “सोडली का मग?” तेव्हा तो म्हणाला, “भीती वाटायला लागली.” बाईनं रिकाम्या बाटल्या पुढे केल्या.

त्याच शरद ऋतूत त्यानं सुट्टी काढली आणि बसनं ऑग्डनला गेला. क्लेलचं दुकान मुख्य रस्त्यावर होतं. आत गिऱ्हाईक नव्हतं. क्लेलनं आरशातून त्याला पाहिलं, खुर्चीवरचा कपडा झटकला आणि म्हणाला, “बस.”

वेंडल बसला. क्लेलनं त्याला गळ्यापर्यंत गुंडाळलं, खुर्ची मागे पाडली, साबणाचा फेस लावला, वस्तरा पट्ट्यावर घासला. बोलायला आलेल्या माणसाचं तोंड फेसानं भरून टाकायची ही चांगलीच युक्ती होती.

“हलू नकोस,” क्लेल म्हणाला. “इथे घाबरलास तर तुझंच रक्त निघेल.”

वेंडल हलला नाही. वस्तरा गालावरून खाली आला.

“विक्रम गेला त्याचं वाईट वाटलं,” क्लेल म्हणाला. “खोटं कशाला बोलू? अजून वाटतं. या वर्षी शेवटचे दिवस मीठ ओलं होतं, माझा नंबर आलाच नाही. पण राग त्याचा नव्हता. त्या संध्याकाळी मी घरी फोन करून तुझं नाव सांगितलं होतं. माझ्या बायकोनं चर्चमध्ये उभं राहून तुझ्यासाठी प्रार्थना केली. अख्ख्या चर्चनं केली. माझा जीव वाचवणारा माणूस म्हणून. आणि मग मी घरी आलो आणि मला तिला सांगावं लागलं.”

फेसाखाली वेंडलचा चेहरा पेटला. वस्तरा हनुवटीखाली होता, त्यामुळे त्याला मान खाली घालता येईना. वर छताकडे बघत तो म्हणाला, “माफ कर.”

“बोलू नकोस, कापेल.”

क्लेलनं दाढी पुरी केली, गरम टॉवेल दाबला, खुर्ची सरळ केली. तेवढ्यात मागच्या दारानं त्याची बायको आली, नवऱ्यासाठी डबा घेऊन. गोरी, गुबगुबीत, एप्रनला पीचचे डाग.

“लोरीन,” क्लेल म्हणाला, “हा वेंडल क्राउस.”

तिनं डबा खाली ठेवला. वेंडल उठून उभा राहिला, गळ्यात कपडा तसाच. तिच्याकडे बघायचं त्याला धाडस होईना, तरी त्यानं बघितलं.

“अच्छा,” ती म्हणाली. “ते तुम्ही.” तिनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, घाई न करता. “जेवलात?”

“नाही.”

“मग थांबा,” ती म्हणाली आणि आणखी एक ताटली आणायला आत गेली.